चाल उसनी, शब्द घरचे

माणसाच्या गळ्यातून निघालेलं आणि आज आपल्याला प्रत्यक्ष ऐकता येणारं सगळ्यात जुनं गाणं फ्रेंच आहे. ९ एप्रिल १८६० रोजी एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हिल नावाच्या गृहस्थांच्या यंत्रासमोर 'ओ क्लेर द ला ल्यून' हे बालगीत म्हटलं गेलं. यंत्र साधं होतं. एक कर्णा, त्याच्या टोकाला ताणलेला पडदा, पडद्याला चिकटवलेला राठ केस आणि केसाखाली काजळी धरलेला कागद. आवाजाने पडदा थरथरला की केस काजळीवर नागमोडी रेघ ओढायचा. ते यंत्र आवाज फक्त लिहायचं. लिहिलेला आवाज परत वाजवावा असं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. एडिसनचा फोनोग्राफ यायला अजून १७ वर्षं होती.

२००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या रेघा संगणकात घालून त्यांचा पुन्हा आवाज केला. आधी वाटलं, कुणी मुलगी गातेय. मग लक्षात आलं की वेग दुप्पट लागलाय. तो निम्म्यावर आणल्यावर मुलीचा पुरुष झाला, बहुधा स्कॉट स्वतःच, एकेक अक्षर तोलत संथपणे म्हणणारा. ते वीसेक सेकंद नेटवर ऐकायला मिळतात. खरखर भरपूर, सूर यथातथा. तरी मला ते फार आवडतं, कारण फ्रेंच गाण्याची सगळ्यात महत्त्वाची खोड याच चालीत बसलेली आहे.

'ल्यून' म्हणजे चंद्र. पॅरिसच्या रस्त्यावर कोणी हा शब्द उच्चारला तर तो एका झटक्यात संपतो, शेवटचा न अर्धाच ऐकू येतो. गाण्यात मात्र 'ल्यू' आणि 'न' असे दोन वेगळे सूर लागतात. लिहिताना शब्दाच्या शेवटी एक ए असतो. बोलताना तो गिळायचा, गाताना परत काढून द्यायचा. फ्रेंच लोक त्याला मुका ए म्हणतात. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 'सुंदर ते ध्यान' हे चारचौघांत आपण 'सुंदर् ते ध्यान्' असंच बोलू. पण अभंगाच्या हिशेबात ती पुरी सहा अक्षरं आहेत, र आणि न धरून, आणि टाळ वाजायला लागले की ती सहाच्या सहा ऐकू येतात. फ्रेंच कवीही आपली बारा अक्षरांची ओळ मोजताना असंच करतो. पुढे व्यंजन आलं तर मुका ए मोजायचा, स्वर आला तर सोडायचा. 'ल्यून' देवनागरीत लिहिलं की त्या न मध्ये दडलेला अ नेमका त्या मुक्या ए च्या जागी येऊन बसतो. बोलताना तोही गुल, गाताना हजर.

मी फ्रेंच घेतलं ते इतर अनेक पुणेकर मुलांसारखंच, दहावीला मार्क चांगले पडतात म्हणून. भाषा पुढे टिकली ती गाण्यांमुळे, आणि गाणी कळायला लागली ती या गिळलेल्या अक्षरांमुळे. बोललेलं फ्रेंच कानाशेजारून भुर्रकन निघून जातं. गायलेलं फ्रेंच शब्द मोजून हातावर ठेवतं. म्हणूनच आपल्याकडच्या कॅफेंमध्ये 'फ्रेंच वातावरण' म्हणून अकॉर्डियनवर एदित पिआफ या गायिकेची चाल शब्दांविना वाजत असली की माझी चिडचिड होते. फोडणी घातली आणि वरण विसरलं, असा तो प्रकार आहे. या परंपरेत चाल बऱ्याचदा उसनी असते, वाद्य बाहेरून आलेलं असतं, गाणारासुद्धा पुष्कळदा बाहेरचाच असतो. घरचे असतात ते शब्द.

चालीचं आधी. आपल्या संगीत नाटकांची जुनी पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना पदाच्या डोक्यावरचं 'चाल : अमुक अमुक' आठवत असेल. एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसमध्ये गाण्यांची पुस्तकं अगदी अशीच निघत. स्वरलिपी नाही, फक्त शब्द आणि वर 'अमक्या चालीवर' अशी सूचना. १८११ साली प्येर कापेल याने लोकांच्या तोंडी असलेल्या शेकडो चाली गोळा करून 'ला क्ले द्यू काव्हो' हा संग्रह काढला. त्यात प्रत्येक चालीला क्रमांक होता. गीतकाराने गाणं लिहायचं आणि वर क्रमांक टाकायचा, की झालं काम. कारागीर आणि कामगार दारूच्या गुत्त्यात जमून अशी गाणी रचत आणि म्हणत. त्या मंडळांना 'गोगेत' म्हणायचे.

यातला राजा म्हणजे बेराँजे. हा प्येर-जाँ द बेराँजे आज फ्रान्समध्येही फारसा कोणी गात नाही, पण त्याच्या काळात त्याची गाणी ज्यांना अक्षरओळख नाही अशांनाही पाठ होती. राजा, पाद्री, सरकारी न्यायाधीश कोणाला त्याने सोडलं नाही. १८२१ मध्ये त्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली, १८२८ मध्ये नऊ महिन्यांची. सरकार एवढं का घाबरायचं, हे चालीची पद्धत पाहिली की कळतं. छापलेला लेख वाचायला वाचता यावं लागतं. ओळखीच्या चालीवरचं गाणं रात्री एका गुत्त्यात म्हटलं की सकाळी दुसऱ्या मोहल्ल्यात पोचलेलं असतं, आणि जप्त करायला कागदच नसतो. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी आपल्याकडे लोकांच्या ओळखीच्या चाली घेऊन हेच केलं. १८५७ मध्ये बेराँजे वारला तेव्हा सरकारने अंत्ययात्रा स्वतःच्या हातात घेतली आणि रस्त्याला दुतर्फा सैनिक उभे केले. मानवंदना म्हणून, असं सांगायला.

चालीच्या या उसनवारीतलं मला सगळ्यात गमतीचं उदाहरण 'इंटरनॅशनल'चं, म्हणजे जगभरच्या कामगार चळवळीच्या गीताचं वाटतं. पॅरिस कम्यून, म्हणजे बंड करून उभं राहिलेलं पॅरिसमधलं कामगारांचं सरकार, चिरडलं गेल्यावर १८७१ च्या जूनमध्ये, पकडले जाण्याच्या भीतीने लपून बसलेल्या युजेन पोतिएने ते लिहिलं. तेव्हा त्याच्या मनात चाल होती ती 'मार्सेएज'ची, म्हणजे आज जे फ्रान्सचं राष्ट्रगीत आहे त्याची. सगळ्या देशांच्या सीमा पुसायला निघालेलं गाणं आधी बेतलं गेलं ते एका देशाच्या रणगीतावर! स्वतःची चाल त्याला १८८८ मध्ये मिळाली, ती लील शहरातल्या प्येर द गेटेर या कामगाराकडून. तोही जन्माने बेल्जियममधल्या गेंटचा. पुढे त्याच्या सख्ख्या भावानेच चाल आपली असल्याचा दावा लावला आणि कोर्टातून प्येरच्या बाजूने निकाल यायला १९२२ उजाडलं.

कम्यूनचं म्हणून ओळखलं जाणारं दुसरं गाणं, 'चेरींचा मोसम', तर कम्यूनच्या आधीच लिहून झालं होतं. शब्द १८६६ चे, जाँ-बातिस्त क्लेमाँचे. चाल दोन वर्षांनंतरची. त्यात क्रांती नाही, बंदुका नाहीत. चेरी पिकतात, पक्षी गातात, प्रेमात पडलेली माणसं कानात चेरींचे डूल घालतात, आणि हा मोसम फार थोडा असतो, एवढंच. मग १८७१ चा मे आला. २८ मेच्या रविवारी क्लेमाँ कम्यूनच्या बाजूने, रस्त्यात रचलेल्या शेवटच्या बॅरिकेडांपैकी एकावर होता. तिथे लुईझ नावाची एक मुलगी जखमींची सेवा करायला आली आणि जा म्हटलं तरी गेली नाही. पुढे तिचं काय झालं हे त्याला कधीच कळलं नाही. पुढे आपल्या गाण्यांचं पुस्तक काढताना त्याने हे जुनं गाणं तिला अर्पण केलं. एक अक्षर बदललं नाही. तेव्हापासून ते गाणं कम्यूनचं झालं आणि चेरीचा लाल रंग लोकांना वेगळा दिसायला लागला.

चालींचं हे मोकळं रान फार काळ राहणार नव्हतं, कारण मध्ये पैसे आले. १८४७ मध्ये एर्नेस्त बुर्जे हा गीतकार आणि त्याचे दोन संगीतकार मित्र शाँझेलिझेवरच्या 'आंबासादर' या गाण्याच्या कॅफेत बसले. वाजत होती यांचीच गाणी. बिल आलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, तुम्ही आमच्या गाण्याचे पैसे देत नाही, आम्ही तुमच्या पेयाचे देत नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि हे तिघं जिंकले. त्यातूनच १८५१ मध्ये 'सासेम' ही संस्था उभी राहिली. फ्रान्समध्ये कुठेही जाहीरपणे गाणं वाजलं की त्याचे पैसे गीतकार-संगीतकारांना वसूल करून देणारी ही संस्था अजूनही आहे. एका न भरलेल्या बिलातून एवढं मोठं काही निघालेलं माझ्या तरी ऐकिवात नाही. हॉटेलात बिलावरून हुज्जत घालणाऱ्या आपल्याकडच्या काकांना हे सांगून ठेवावं म्हणते.

आता अकॉर्डियन. पोस्टरवर बेरे टोपी आणि पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालून जो वाजवतो, तो पॅरिसचा मूळ रहिवासी नव्हे. एकोणिसाव्या शतकात ओव्हेर्न्य या डोंगराळ भागातून माणसं पोटासाठी पॅरिसला आली. आधी घरोघर पाणी वाहायची, मग कोळसा विकायला लागली. कोळशाच्या वखारीतच दारूचा गल्लाही असे. बास्तीलजवळच्या र्‍यू द लाप या गल्लीत आणि आसपास त्यांचे अड्डे होते, आणि तिथे रात्री त्यांच्या गावाकडचे नाच चालत, ते 'काब्रेत' नावाच्या बकऱ्याच्या कातड्याच्या पिशवीवाद्यावर. त्यालाच 'म्युझेत' म्हणत आणि त्यावरून या नाचांना 'बाल म्युझेत' हे नाव पडलं.

त्याच वस्तीत इटालियन आले, अकॉर्डियन घेऊन. मग वाजणं आणि वाजवणं दोन्ही सुरू झालं. गावाकडचं वाद्य हटवून हे परदेशी डबडं कशाला, म्हणून ओव्हेर्न्यवाल्यांचा संताप. आंत्वान बुस्कातेल हा काब्रेतवाल्यांतला मोठा माणूस, र्‍यू द लापमध्ये त्याचं स्वतःचं ठिकाण. त्याने शार्ल पेग्युरी या इटालियन वंशाच्या अकॉर्डियनवाल्याला आपल्याकडे वाजवायला बसवलं. पुढे पेग्युरी त्याचा जावई झाला. भांडण मिटवायची ही रीत आपल्याला काही नवी नाही. काब्रेत हळूहळू मागे पडलं, नाव मात्र राहिलं. आज 'म्युझेत' म्हटलं की फ्रेंच माणसाला अकॉर्डियन आठवतं, आणि ज्या पिशवीचं ते नाव ती फारशी कोणी पाहिलेलीही नसते.

गाणाऱ्यांची यादी काढली तरी तेच. जाक ब्रेल ब्रसेल्सचा. शार्ल आझनावूर पॅरिसमध्ये जन्मला, पण घर आर्मेनियन. जॉर्ज मुस्ताकी अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ज्यू कुटुंबातला. पानगळीवरचं जे गाणं फ्रेंचांची ओळख म्हणून जगभर गेलं त्याची चाल जोसेफ कोस्मा या बुडापेस्टच्या माणसाची, आणि १९४६ च्या ज्या चित्रपटातून ते आलं त्यातला नायक इव्ह मोंताँ इटलीत जन्मलेला. शब्द तेवढे जाक प्रेव्हेरचे, म्हणजे घरचे. चित्रपट आपटला. गाणं अजून आहे.

बाहेरच्याने गायल्यावर घरच्या शब्दांचं काय होतं, याचा नमुना १९८६ मध्ये दिसला. शार्ल त्रेनेचं 'दूस फ्राँस' हे १९४३ सालचं, जर्मनांच्या ताब्यातल्या देशातलं गाणं. बालपणीचं गाव, शाळा, चर्चचा मनोरा, गोड फ्रान्स. पुढे ते अगदीच गुळगुळीत झालं, आजोबांच्या सहलीत म्हणायच्या लायकीचं. मग लिओंच्या बाजूच्या एका रॉक बँडने ते उचललं. गायक रशीद ताहा, जन्म अल्जेरियातला. बँडचं नाव 'कार्त द सेजूर', म्हणजे स्थलांतरितांना खिशात बाळगावा लागणारा राहण्याचा परवाना. शब्द तेच ठेवले, खाली उत्तर आफ्रिकेचा ठेका दिला. नागरिकत्वाचा कायदा कडक करायची चर्चा चालू असताना त्यांनी संसदेत जाऊन खासदारांना त्याची रेकॉर्ड वाटली. 'माझ्या बालपणीचा गोड देश' हे ताहाच्या तोंडून ऐकताना त्यात प्रेमही आहे आणि चिमटाही. किती प्रेम आणि किती चिमटा हे शब्दांवरून सांगता येत नाही, कारण शब्द तर त्रेनेचेच आहेत. मला दोन्ही रूपं आवडतात. एकामागून एक ऐकली तर जास्तच.

तरी कोणी एकाच माणसाचं ऐकायचं म्हटलं तर मी जॉर्ज ब्रासँस सुचवेन. दक्षिणेतल्या सेत या बंदराचा. जर्मनीत सक्तीच्या मजुरीला नेलं होतं, १९४४ मध्ये सुट्टीवर आला तो परत गेलाच नाही. पॅरिसच्या एका बोळात, वीज आणि नळ नसलेल्या घरात, जान नावाच्या बाईने आणि तिच्या नवऱ्याने त्याला लपवलं. युद्ध संपलं तरी तो तिथेच राहिला, नाव झाल्यावरही राहिला, वीसेक वर्षं. १९५२ मध्ये मोंमार्त्रमध्ये कॅबरे चालवणाऱ्या पाताशू या गायिकेने त्याला रंगमंचावर ढकललं. घामाघूम व्हायचा, कोणाकडे बघायचा नाही, एक पाय खुर्चीवर ठेवून गिटार वाजवायचा. साथीला एक कॉन्ट्राबास. बस.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्याची सगळी गाणी एकसारखी वाटतात. मलाही वाटली होती. शब्द कळायला लागले की चाली किती चतुर आहेत ते दिसतं. पण चालीबद्दल त्याला फार सोवळं नव्हतं, आणि त्याचा पुरावा त्याने स्वतःच देऊन ठेवला आहे. सुखी प्रेम असं काही नसतंच, असं म्हणणारी लुई आरागाँ या कम्युनिस्ट कवीची कविता त्याने एका चालीत बांधली. नंतर फ्रांसिस जाम या श्रद्धाळू कॅथलिक कवीची मेरीमातेला उद्देशून केलेली प्रार्थना बांधायला घेतली आणि तिला सरळ तीच चाल दिली. तीच, जशीच्या तशी. स्वतः ब्रासँस कट्टर नास्तिक. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यात तो सूर हताश वाटतो, दुसऱ्यात हात जोडलेला. गळा एक, गिटार एक, सूर एक. 'ला क्ले द्यू काव्हो'मधल्या क्रमांकवाल्या चालींचं जग शंभर वर्षांपूर्वी संपलं असं इतिहासकार म्हणोत, ब्रासँसच्या खिशात ते शाबूत होतं. १९६७ मध्ये फ्रेंच अकादमीने त्याला काव्याचा मोठा पुरस्कार दिला. ज्याचं एक गाणं सरकारी रेडिओने वर्षानुवर्षं लावलं नव्हतं त्याला!

रेडिओवरून आठवलं. १९९४ च्या कायद्याने फ्रान्सने रेडिओवरच्या गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच भाषेतली हवीत असं ठरवलं आणि १९९६ पासून ते लागू झालं. इंग्रजी पॉपला बांध घालायला केलेल्या या कायद्याचा मोठा फायदा झाला तो रॅपला, म्हणजे बहुतेक करून आफ्रिकी आणि अरब घरांतल्या मुलांना. कारण भरपूर नवे फ्रेंच शब्द त्यांच्याकडेच होते. गंमत म्हणजे ही मुलं मुका ए बोलण्यासारखाच खाऊन टाकतात. जुन्या रसिकांना ते खटकतं. मला नाही खटकत. गुत्त्यात बसून सरकारला शिव्या घालणाऱ्या मंडळींची पुढची पिढी आहे ती, फक्त चालीऐवजी ठेका उसना घेतलेला.

क्युबेकमध्ये, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंचभाषी प्रांतात, हे सगळं आणखी हातघाईवर येतं, कारण तिथे भाषाच रोज वाचवायची असते. १९७५ च्या २४ जूनला माँट्रियालच्या टेकडीवर जिल व्हिन्यो या गीतकाराने एक नवं गाणं म्हटलं. देशवासीयांनो, आता तुमच्याशी कोणी प्रेमाचं बोलावं याची पाळी तुमची, असं त्याचं धृपद. वाढदिवसाला इंग्रजी गाण्याऐवजी फ्रेंच काहीतरी असावं हा त्यात हेतू होताच. देशवासीयांच्या जागी ज्याचा वाढदिवस त्याचं नाव घालायचं. आज तिथल्या घराघरांत केकभोवती हेच म्हणतात, आणि बऱ्याच मुलांना व्हिन्योचं मूळ गाणं नंतर कळतं.

माझा मामेभाऊ तिथे असतो. १९७७ च्या भाषा कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना सहसा फ्रेंच शाळेतच जावं लागतं, त्यामुळे त्याची दोन्ही मुलं घरी मराठी, शाळेत फ्रेंच, आणि आपापसांत काय वाटेल ते बोलतात. माझं पुण्याचं फ्रेंच त्यांना बातम्या दिल्यासारखं वाटतं. मामीची पंचाहत्तरी तिकडेच झाली तेव्हा मी गेले होते. ७५ दिवे लावून ओवाळायचं ठरलं होतं, पण फ्लॅटमधला धुराचा भोंगा कोकलेल म्हणून सेलवरचे दिवे आणले होते. ते ओवाळून झाल्यावर मुलांनी 'मा शेर आजी' करून व्हिन्योचं धृपद धरलं. 'आजी' ही दोन अक्षरं त्या चालीत आयती बसतात. आता तुझ्याशी प्रेमाचं बोलायची पाळी आहे, असं दोघं तीनदा घोळवून तिच्याकडे बघत राहिली. मामीने टाळ्या वाजवल्या, दोघांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला विचारलं, "केक बिनअंड्याचाच आहे ना गं?"